नाल खाणारा कधी हरत नाही

धुळ्याचा मागवाला असो की जळगावच्या दाणा बाजारातला व्यापारी, आपली मुले कॉम्प्युटरवर कोणते खेळ खेळतात याकडे आमचे सहसा लक्ष नसते. परंतु 2010 साली अमेरिकेत निघालेल्या 'फॉलआउट : न्यू वेगास' या खेळाची कथा धंदा करणाऱ्याने ऐकण्यासारखी आहे. 2077 साली अणुयुद्ध होऊन जग बेचिराख होते. त्यानंतर दोनशे वर्षांनी लोक मोडतोडीतून पोटापुरते वेचून जगत असतात, आणि वाळवंटात एकच शहर दिव्यांनी झगमगत असते. त्या शहराचा धनी मिस्टर हाऊस नावाचा कॅसिनोमालक आहे. पहाऱ्याला त्याची यंत्रमानवांची फौज आहे. हाऊस हे त्याचे आडनाव. इंग्रजीत जुगारघराच्या मालकपक्षालाही हाऊसच म्हणतात.

कथा कल्पित आहे, पण तिच्यातला हिशेब खरा आहे. सगळे बुडाले तरी जुगारघराचा मालक का बुडत नाही? आपल्याकडे याचे उत्तर एका जुन्या शब्दात आहे : नाल. अड्ड्यावर डाव कोणीही जिंको, अड्डेवाला आपली नाल आधी काढून घेतो. कॅसिनोत ही नाल डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. अमेरिकी रोलेटच्या चाकाला 38 खण असतात. एका खणावर लावलेला रुपया लागला तर 35 रुपये नफा आणि लावलेला रुपया परत, असे 36 हाती येतात. आता कोणी 38 ही खणांवर एकेक रुपया लावला तर? नशिबाचा प्रश्नच उरत नाही, एक खण लागणारच. तरीही 38 देऊन 36 परत मिळतात. दोन रुपये मालकाचे. मालक जुगार खेळत नाही, तो दुकान चालवतो.

खान्देशाला हा धंदा परका नाही. ज्या कापसावर आपली बाजारपेठ उभी राहिली, त्याच कापसाच्या भावातून मटका जन्मला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईला येत, आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. 1961 साली ते भाव येणे बंद झाले. 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. कापूस गेला, आकडा तेवढा राहिला. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांचा पगार त्यात ओतला गेला. खत्री यांना लोक 'मटका किंग' म्हणत. आणीबाणीत ते तुरुंगात गेले, 2020 च्या मे महिन्यात वारले. त्यांचे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. आकडे लावणाऱ्या हजारो कामगारांपैकी एकाचेही नाव कोणाला आठवत नाही.

मटक्याचा हिशेबही वहीत मांडून पाहा. आकडे दहा, आणि लागलेल्या आकड्याला सर्वसाधारण भाव एकास नऊ. दहाही आकड्यांवर रुपया लावला तर दहा जातात, नऊ येतात. दहात एक रुपया नाल! कारागीर म्हणतो, दहा टक्केच तर गेले. पण तो जिंकलेले घरी नेत नाही, पुन्हा लावतो. हजाराचे सरासरी नऊशे होतात, नऊशेचे आठशे दहा. सातव्या फेरीअखेर हिशेबाने 478 उरतात. नशीब वाईट नसतानाही निम्म्याहून अधिक रक्कम गेली.

महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अंमलात आला नाही, आणि ऑगस्ट 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. ज्याला कॅसिनो हवा तो गोव्याला मांडवी नदीतल्या जहाजांवर जातो. पण गरिबाला गोव्याला जावे लागले नाही, कॅसिनोच त्याच्या खिशातल्या फोनमध्ये आला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला. देशात सुमारे 45 कोटी लोक या खेळांत दरसाल 20 हजार कोटींच्या आसपास रुपये गमावतात, असा सरकारचाच अंदाज होता. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायद्याने चांगले केले. पण चोरवाटा उरतातच, आणि त्या बंद करणे आपल्या हाती आहे.

आमचे काही बांधव म्हणतात, व्यापार तरी काय, तोही जुगारच. आम्हाला हे मान्य नाही. रावेरहून केळीचा ट्रक भरणाऱ्याच्या डोक्यावर भाव पडण्याची जोखीम असतेच. पण त्याला तोटा आला तरी शेतकऱ्याला माल विकता येतो, हमालाला मजुरी मिळते, ट्रकवाल्याला भाडे मिळते आणि केळी कोणाच्या तरी घरी पोचतात. जुगारात एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते, आणि मधल्या मध्ये नाल कापली जाते. नवे काही तयार होत नाही. सूरह बकराच्या 219 व्या आयतीत दारू आणि जुगार यांत काही फायदाही असल्याचे सांगून नुकसान त्याहून मोठे असल्याचे बजावले आहे. हा व्यापाऱ्याला समजेल असाच जमाखर्च आहे. सूरह माइदाच्या 90 व्या आयतीत तर त्यापासून दूर राहण्याचा स्पष्ट हुकूम आहे.

आता कडू बोलणे भाग आहे. खेळणाऱ्याला आपण सगळेच दोष देतो. पण चौकातला गाळा आकड्याच्या धंद्याला दुप्पट भाड्याने देणारा कोण? कमिशनवर आयडी वाटणारा कोण? आपल्याच कारागिराला उचल देऊन ती कुठे जाते हे ठाऊक असून गप्प बसणारा कोण? स्वतः पत्त्याला हात लावला नाही म्हणून हात स्वच्छ राहत नाहीत. असे भाडे आणि असे कमिशन हे नालीतलाच वाटा आहे. त्या पैशाने दुकान मोठे होईल, बरकत येणार नाही.

उपाय आपल्याच मोहल्ल्यात आहे. दहा जणांची साधी भिशी घ्या, बोली नको, व्याज नको. प्रत्येकाने महिन्याला हजार भरले, तर दहा महिन्यांत प्रत्येकाच्या हाती एकदा दहा हजार येतात. दहा जातात, दहाच येतात, नाल शून्य. त्या रकमेत शिलाई मशीन येते, मागाची दुरुस्ती होते, हातगाडीवर माल भरतो. मालकांनी आठवड्याचा पगार देताना कारागिराला अशा भिशीत सामील करून घ्यावे, आणि गाळेमालकांनी भाडेचिठ्ठी करण्यापूर्वी आत कोणता धंदा होणार हे विचारावे. ते उत्तर द्यायला कचरत असतील, तर गाळा महिनाभर रिकामा राहिलेला बरा.