घोरण्यातली शांतता
घोरणारा म्हणजे सुखाने झोपलेला, हा आपला जुना समज. कुंभकर्ण म्हणून थट्टा केली की विषय संपला. पण स्लीपर डब्यात असा शेजारी मिळालाच, तर आवाजापेक्षा मधली शांतता ऐका. घोरणं एकदम तुटतं, छाती हलत राहते, हवा मात्र आत जात नाही. मग धाप लागल्यागत श्वास परततो. किमान 10 सेकंदांचे असे अडथळे तासाला 30 किंवा जास्त झाले की झोपेत श्वास अडण्याचा हा आजार तीव्र समजतात. दरवेळी रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकतो, रक्तदाब चढतो. सकाळी डोकं जड, दुपारी स्टिअरिंगवर डुलकी. नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारा सीपॅपचा उपाय सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्येच मांडला. मास्क लावायला पुरुषमंडळी लाजतात. बायको उशी घेऊन हॉलमध्ये गेलेली मात्र चालते!