अंगणातला कोळी आणि दगडाखालचा विंचू



तासगाव भागातील एका भगिनीचे पत्र आले आहे. परसात वांगी, मिरची, मेथी लावली आहे. पण भाजी खुडताना हाताशी मोठमोठे कोळी येतात. घरातली दादी म्हणते, कोळी अंगावर मुतला की फोड उठतात. मुले दिवसभर मातीत खेळतात. कोळी दिसला की मारावा का, असे त्यांनी विचारले आहे.

हिजरतीच्या प्रवासात गुहेच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणल्याची गोष्ट आपल्या घरांत लहानपणापासून सांगितली जाते. तरी कोळी दिसला की चप्पल हातात येतेच! कोळ्याला विष असते, हे खरे. पण ते माशी-डास मारण्यापुरते. बहुतेक कोळ्यांचे दात आपल्या कातडीत नीट रुततही नाहीत. जाळ्याच्या मधोमध फुलीसारखे पाय पसरून बसणारा बागेतला कोळी, किंवा भिंतीवर पळणारा, पोटाशी पांढरी चपटी अंड्यांची पिशवी धरलेला कोळी, हे दोघे घरातले किडे खातात. त्यांना राहू द्या. जपायचे ते जुन्या झाडाच्या ढोलीतल्या आणि बिळातल्या मोठ्या केसाळ कोळ्याला. तो चावला तर फार दुखते, स्नायूंत गोळे येतात. म्हणून ढोलीत, बिळात हात घालू नये.

दादी म्हणतात ते फोड येतात, पण दोष बहुधा कोळ्याचा नसतो. पावसाळ्यात दिव्याभोवती एक लांबट काळा-केशरी किडा येतो. तो अंगावर चिरडला की त्याच्या रसाने भाजल्यासारखी रेघ उठते. त्याला फुंकून उडवावे आणि जागा साबणाने धुवावी. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे पाण्याचे फोड आले तर ती नागीण. तिचे औषध लवकर घेतले तर गुण येतो.

मात्र ज्या दगडाआड कोळी दिसतो, त्याच दगडाखाली लाल विंचू असू शकतो. खरी भीती त्याची बाळगायला हवी. माण, खटाव, आटपाडी, जत या खडकाळ कोरड्या भागात तर जास्तच. काळा, जाड नांग्यांचा मोठा विंचू दिसायला भयंकर, पण त्याचा डंख सहसा वेदनेवर निभावतो. लालसर, बारीक नांग्यांचा विंचू जीव घेऊ शकतो, विशेषतः लहान मुलांचा. त्याचे विष हृदयावर ताण आणते आणि पुढे फुप्फुसात पाणी भरते. डंखाची जागा फार दुखत नाही म्हणून धोका नाही, असे समजू नका. दरदरून घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय, ही त्याची खूण आहे.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर आणि पुढे महाड लागते. तिथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी 1970 च्या दशकात विंचूदंशाने दगावणारी माणसे पाहिली. रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी या रुग्णांना देऊन पाहिली आणि मृत्यू झपाट्याने घटले. 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचे काम छापले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाच्या विषावरची लसही मुंबईच्या हाफकिनमध्ये बनते. म्हणजे इलाज आहे, आणि तो आपल्याच राज्यात सापडलेला आहे. फक्त रुग्ण वेळेत पोचला पाहिजे. ही गोळी मात्र घरी देऊ नका. रक्तदाब एकदम उतरतो.

वेळ जातो तो विंचू उतरवणाऱ्याच्या दारात. कोणी म्हणेल, दम करणे तर आपल्याकडे आहेच. हो, आहे. हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांनी दंश झालेल्या एका सरदारावर सूरह फातिहा पढून दम केल्याचे हदीसमध्ये आले आहे. पण उंट आधी बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवणही प्रेषित (स.) यांचीच आहे. दुआ गाडीत बसूनही पढता येते. फातिहा ओठांवर असू द्या आणि गाडी दवाखान्याकडे असू द्या.

विंचू चावला तर मुलाला चालवू नका, उचलून न्या. अंगठी, बांगडी काढा. जागा धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून ठेवा. कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचे सरकारी रुग्णालय गाठा.

मुळात चावूच नये यासाठी:

• विटा, दगड, कुंड्या हलवताना जाड हातमोजे आणि बंद बूट घाला. आधी काठीने हलवा, मग हात लावा.

• शेणी, सरपण, उसाची चिपाडे घराच्या भिंतीला लागून रचू नका.

• भिंतीच्या भेगा बुजवा.

• बूट, वाळत घातलेले कपडे, जानमाज झटकूनच वापरा. झोपण्याआधी बिछाना झटकणे ही तर सुन्नत आहे.

• रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि चप्पल हवीच. जांभळ्या अतिनील प्रकाशाच्या बॅटरीत विंचू हिरवट चमकतो. परस तपासायला ती फार उपयोगी.

तासगावच्या भगिनीने कोळ्याला जगू द्यावे. उद्या सकाळी मुले उठण्याआधी परसातले दगड आणि सरपण मात्र काठीने हलवून नीट रचून घ्यावे. अल्लाह तुमच्या लेकरांची हिफाजत करो. आमीन.