धावून जाणाऱ्याचा दाखला

उसाच्या फडाला आग लागली की आमच्या भागात कुणाला बोलवावे लागत नाही. पेठ वडगाव असो, वाठार, अंबप की घुणकी, धूर दिसला की माणसे हातातले काम टाकून पळतात. कुणी ओल्या फांद्या तोडून आणतो, कुणी मोटर सुरू करायला विहिरीकडे धावतो, कुणी औषध फवारणीचा पंप पाठीला लावून येतो. फड भावकीचा आहे की वैऱ्याचा, हे त्या वेळी कुणी बघत नाही. या संस्काराचा मला अभिमान आहे. तरीही बंबाबरोबर काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला प्रशिक्षण आणि दाखला सक्तीचा असावा, असे माझे ठाम मत आहे. हे मत मांडले की चांगली माणसे दुखावतात. म्हणून आधी त्यांचे म्हणणे नीट मांडतो.

ते म्हणतात, लहान गावाच्या बंबावर माणसे मोजकीच असतात. कोल्हापूर वीसेक किलोमीटरवर, त्यात महामार्गाच्या सहापदरीकरणाची कामे. तिथला बंब येईपर्यंत गावच्या पोरांनीच आग धरून ठेवायची असते. त्यांच्याकडून दाखला मागितलात तर येणारेही यायचे थांबतील. फायरमनचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा, राज्याचे प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझला. शेतकऱ्याने, दुकानदाराने, शिरोली एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्याने तिथे जाऊन राहायचे कसे? शिवाय आगीचा अनुभव आमच्या लोकांना जन्मापासून आहे, आणि दाखला म्हणजे शेवटी कागद.

यातली अडचण खरी आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

पहिल्यांदा अनुभवाचा मुद्दा घेऊ. आमचा अनुभव उघड्या रानातल्या आगीचा आहे. वाऱ्याच्या पाठीशी उभे राहावे, पाचट ओढून मोकळी पट्टी करावी, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळते. आणि एवढे कळत असूनही, ऊस वाचवायला गेलेला शेतकरी वारा फिरल्यावर फडातच होरपळल्याच्या बातम्या आपण वाचतो. आता गावातल्या आगीकडे बघा. बाजारपेठेत खाली कापडाचे किंवा किराण्याचे दुकान, वर बिऱ्हाड, मध्ये एकच अरुंद जिना. आत फोमच्या गाद्या, प्लास्टिक, सिलिंडर. फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडसारखा विषारी वायू तयार होतो, आणि कोंडलेल्या खोलीत काही श्वासांतच शुद्ध हरपू शकते. तोंडाला बांधलेला ओला रुमाल हे वायू अडवत नाही. रानातल्या वीस आगी विझवलेल्या माणसाला धुराने डोळे चुरचुरतात एवढेच ठाऊक असते. त्याचा अनुभवच त्याला आत ढकलतो, कारण आजवर धुराने त्याचे काही बिघडलेले नसते.

इतर आगींचेही तसेच. सिलिंडरच्या तोंडाशी जळणारी ज्योत नुसती विझवली आणि गळती तशीच राहिली, तर पसरलेला वायू पुन्हा पेट घेतो आणि स्फोट होतो. तापलेल्या तेलावर पाणी मारले तर पेटते तेल उसळून अंगावर येते. डीपी किंवा ११ केव्हीची तार जिवंत असताना पाण्याचा झोत तिकडे वळवणे म्हणजे वीज नळीवाटे स्वतःकडे ओढणे. कापसाची गाठ वरून विझलेली दिसते आणि आतून तासन्‌तास धुमसत राहते. इचलकरंजीच्या यंत्रमागांमुळे कापूस-सुताची गोदामे आपल्याला नवी नाहीत. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत अल्कोहोल असते. त्याची ज्योत भर दुपारी नीट दिसतही नाही, आणि साधा फेस त्यावर टिकत नाही, त्यासाठी वेगळा फेस लागतो. यातली एकही गोष्ट धाडसाने उमगत नाही. ती कुणीतरी शिकवावी लागते आणि हातून करून घ्यावी लागते.

आपल्याच गुऱ्हाळात बघा. चुलवाणाला जाळ घालणारा जळव्या पहिल्या दिवशी तिथे बसत नाही. जाणत्याच्या शेजारी राहून, चिपाड किती टाकायचे, काहिलीतला रस कधी चढतो, हे तो शिकतो. तोवर आधणाची जबाबदारी कुणी त्याच्यावर टाकत नाही. गूळ बिघडू नये म्हणून जी काळजी आपण घेतो, ती माणूस जळू नये म्हणून घ्यायला हरकत का असावी?

‘जीव धोक्यात घालणाऱ्याची परीक्षा कसली घेता?’ असा प्रश्न येतो, आणि तो भावनेला हात घालतो. पण धोक्यात त्याचा एकट्याचा जीव नसतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी, महापुरात, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना सुरक्षित जागी नेणारी नाव उलटली आणि १७ जण बुडाले. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. कुणाच्याही हेतूबद्दल तिथे शंका घेता येत नाही. सगळे एकमेकांना वाचवायलाच निघाले होते. किती माणसे घ्यायची आणि कुणाला ‘पुढच्या फेरीला या’ म्हणायचे, हे सांगण्याचा अधिकार आणि सराव असलेला माणूस अशा प्रत्येक नावेवर असायला हवा. आगीतही हेच घडते. नळी न सांभाळता आल्याने पडलेला, आत जाऊन बेशुद्ध झालेला स्वयंसेवक बाहेर काढायला दोन जवान गुंततात, आणि ज्यांच्यासाठी बंब आला ती माणसे वरच्या मजल्यावर वाट बघत राहतात.

आणखी एक आक्षेप असा, की प्रशिक्षित माणसेही मरतातच. मरतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्या जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरला होता. जहाज बुडवायचे की बंदराबाहेर न्यायचे, हा निर्णय वेळेत झाला नाही, आणि ज्यांच्या हाती तो निर्णय नव्हता ते जवान शेवटपर्यंत पाणी मारत राहिले. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतली इमारत आगीत कोसळली. त्या दुर्घटनेत सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे मुंबई दलाचे चार अधिकारी आपण गमावले. आयुष्यभर शिकलेल्या माणसांनाही आग फसवते, एवढाच याचा अर्थ. त्यावरून न शिकलेल्याला तिच्यासमोर उभे करण्याची परवानगी कशी काय निघते, ते मला समजत नाही.

सक्तीने स्वयंसेवक आटतात, हेही अनुभवाला धरून नाही. चिली देशाचे अग्निशमन सगळेच्या सगळे बिनपगारी स्वयंसेवकांवर चालते. जर्मनीत खेडोपाडी स्वयंसेवकांचीच दले आहेत, आणि तिथे नव्या माणसाला सुमारे ७० तासांचे पायाभूत शिक्षण घ्यावे लागते. श्वसनसंच लावून आत जायचे असेल तर त्याचे वेगळे शिक्षण आणि वैद्यकीय तपासणी. लोक तरीही येतात. दाखला गावातच, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी मिळतो आणि त्याला मान असतो, म्हणून येतात.

आता दुसऱ्या टोकाला उत्तर दिले पाहिजे. काही अधिकाऱ्यांना स्वयंसेवक ही कटकट वाटते. पूर्ण अभ्यासक्रम केलेल्यानेच आगीजवळ यावे, बाकीच्यांनी घरी बसावे, असे त्यांचे म्हणणे. हे तर अधिकच चुकीचे आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर जिल्हा सरकारी यंत्रणेइतकाच व्हाईट आर्मीसारख्या संस्थांनी आणि गावोगावच्या तरुणांनी सावरला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेने देशभरातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक बारा दिवसांच्या प्रशिक्षणातून तयार करायचे ठरवले, त्यांना ओळखपत्र, साहित्य आणि विमा देऊ केला. पुरासाठी, दरडीसाठी हे जमते, तर आगीसाठी का जमू नये?

माझे म्हणणे असे आहे. सगळ्यांना एकच सहा महिन्यांची फूटपट्टी लावू नये. काम पाहून दाखला द्यावा. पहिली पायरी दोन संध्याकाळींची: वर्दी कशी द्यायची, बंबाला वाट कशी मोकळी करायची, वीज कुणाकडून तोडून घ्यायची, गर्दी कशी मागे ठेवायची, भाजलेल्यावर आधी काय करायचे. ही प्रत्येक गल्लीतल्या बायकांना आधी शिकवा. दिवसा पुरुष शिरोलीला किंवा रानात असतात. आग लागते तेव्हा घरात त्याच असतात, आणि आजवर त्यांना कुणी विचारलेले नाही. दुसरी पायरी बाहेरून नळी धरणाऱ्यांची. तिला आठ-दहा रविवार, वैद्यकीय तपासणी आणि अधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष परीक्षा हवी. तिसरी, धुरात आत जाणाऱ्यांची. तिथे पगारी फायरमनला जी परीक्षा तीच स्वयंसेवकाला, काडीची सूट नाही. धूर पगार विचारून घशात जात नाही.

दाखल्याला मुदतही हवी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा इमारतीतली अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत मागतो. पंपाची वर्षातून दोनदा खात्री करायची आणि पंपापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची कधीच नाही, हे बरोबर नव्हे. आणि ‘दाखला म्हणजे कागद’ ही भीती घालवायची असेल तर परीक्षा चव्हाट्यावर घ्या. बाजार नसलेल्या दिवशी बाजाराच्या मैदानात, गावासमोर. नळी जोडली का, शिडी लावली का, गाठ मारली का, सगळे गाव बघेल. तिथे वशिला चालणार नाही.

गळीत हंगाम सरल्यावर आणि पाऊस पडायच्या आत आमच्याकडे थोडी उसंत असते. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह नेमका त्याच काळात येतो. पहिली तुकडी तेव्हा सुरू व्हावी, मराठीतून, विनाशुल्क, वडगावातच. प्रशिक्षक इथे यावेत, शिकणाऱ्यांनी मुंबई गाठू नये. हेल्मेट, हातमोजे, बूट सार्वजनिक पैशातून मिळावेत. आणि स्वयंसेवकाच्या विम्याचा हप्ता भरल्याची पावती हाती असल्याखेरीज त्याला नळी देऊ नये. स्वयंसेवकावर घातलेल्या दाखल्याच्या अटीइतकीच ही अट नगरपरिषदेवर सक्तीची असावी, आणि दोन्ही अटी एकाच ठरावात लिहिल्या जाव्यात.