आजी, उदक जाय?

आमच्या सानगडीत हॉटेल म्हटलं म्हणजे एसटीच्या थांब्याजवळची टपरी. काळी पडलेली कढई, तिच्यात तळले जाणारे आलुबोंडे आणि बाकावर बसून उधारीचा चहा पिणारी मंडळी. हॉटेलात माणूस बसायला जातो, राहायला जात नाही. राहायचं ते पाहुण्याच्या घरी. म्हणून २०१४ सालच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही पाच माणसं गोव्याला जाऊन हॉटेलात उतरणार ही बातमी गल्लीत पोचली, तेव्हा निदान तीन घरांतून विचारणा झाली, "काहून, तिथं तुमचं कोनी नाही काय?"

जाण्याचं कारण तसं आनंदाचं नव्हतं. त्या साली श्रावणात आमचे वडील गेले. वर्ष पुरं व्हायचं होतं, त्यामुळे घरात सण नव्हता. तळण नाही, रांगोळी नाही, दारात आकाशकंदील नाही. दोन्ही बाजूंच्या घरांवर पणत्यांच्या ओळी आणि मधलं आपलं घर काळोखात, असे चार दिवस ज्याने काढले असतील त्यालाच ते ठाऊक. त्यातून आईचं जेवण तुटलं होतं. भंडाऱ्याच्या माणसाने भात सोडणं म्हणजे काय हे पुण्यामुंबईच्या वाचकांना सांगून कळायचं नाही. ती ताटात भात घ्यायची, कालवायची, आणि दोन घास खाऊन ताट सारायची. तलावाखालच्या ज्या बांधीतला तो भात, त्या बांधीत वडिलांनी चाळीस वर्षं चिखलणी केली होती. आम्ही कुणी काही बोलत नव्हतो.

गोव्याची कल्पना मुलीची. आईचा विरोध ठरलेलाच होता. हलका धान निघाला असला तरी भारी धान उभा आहे, दिवाळीनंतर मंडई भरेल, नातेवाईक दंडार पाहायला येतील, त्यांना चहा कोण देईल? एवढं झाल्यावर तिने एकच विचारलं, "तिथं पानी हाये ना?" आहे म्हटल्यावर ती उठली आणि पिशवी भरू लागली. पिशवीत पायलीभर तांदूळ होते. परक्या गावी कुणाकडे धान्य मागायची वेळ येऊ नये, हा त्यामागचा विचार. हॉटेलात तांदूळ कशाला, हे समजावण्याच्या भानगडीत आमच्या सौ. पडल्या नाहीत आणि मीही पडलो नाही.

गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस भंडारा रोडला धरली, एक अख्खा दिवस आणि रात्र तिच्यात काढली, आणि पुढे आंबोलीचा घाट उतरून बसने पणजी गाठली. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा विचार नाही. गोव्याची प्रवासवर्णनं आपल्या भाषेत पोत्याने आहेत.

आम्ही उतरलो ते मांडवी हॉटेलात. या इमारतीचा जन्म मोठा गमतीचा आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ साली वारले. त्यांच्या चारशेव्या पुण्यतिथीला, म्हणजे १९५२ साली, जुन्या गोव्यात त्यांच्या देहाचं दर्शन मांडलं जायचं होतं. देशोदेशींची माणसं येणार, आणि त्यांना उतरवायला राजधानीत म्हणावं तसं हॉटेल नाही! म्हणून नदीकाठी ही उंच, ऐटदार इमारत त्या साली उभी राहिली. गोवा मुक्त व्हायला तेव्हा नऊ वर्षं अवकाश होता. म्हणजे मुळात ही यात्रेकरूंची सोय. आमच्याकडे धर्मशाळा असतात, पोर्तुगिजांच्या राज्यात ती गालिचे घालून निघाली, एवढाच फरक.

दारावरच्या गणवेशातल्या माणसाने सलाम केला, तेव्हा आईने पिशवी खाली ठेवून त्याला दोन्ही हात जोडले. खोलीचं एका रात्रीचं भाडं नातवाने तिला सांगून टाकलं. त्या वर्षी साध्या धानाचा सरकारी हमीभाव क्विंटलला १३६० रुपये होता. तिने मनाशी हिशेब केला आणि म्हणाली, "अडीच क्विंटल. मंग झोपून काहाले वाया घालवता?" आणि खरोखरच ती फारशी झोपली नाही. खुर्ची ओढून नदीसमोर बसली.

सौ. मात्र झोपल्या. सकाळी चहा खोलीत आला तेव्हा त्यांनी कप हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गरम आहे." ज्या बाईने एकोणीस वर्षं सगळ्यांना देऊन उरलेला चहा घेतला आहे, तिच्या तोंडचे हे दोन शब्द. हॉटेलाच्या भाड्याविषयी घरोघरी वाद होतात, त्यात पुरुषांना मत देण्याचा अधिकार नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आईचं लक्ष पाण्याकडे. दुसऱ्या दिवशी तिने मला हाक मारून एक वाहती फांदी दाखवली. "सकारी हे तिकडं जात होती. आता माघारी येऊन रायली." सकाळीला ती सकारी म्हणते. 'ळ'चा 'र' करणं हा आमच्या झाडीबोलीचा स्वभाव आहे. मी तिला भरती-ओहोटी समजावली. मांडवीत भरतीचं पाणी कितीतरी मैल आत चढतं. आमची वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला मिळते आणि थेट बंगालच्या उपसागरात जाते. ती कधी माघारी वळताना कुणी पाहिलेली नाही. आई म्हणाली, "बरं हाये हिचं," आणि पुन्हा फांदीकडे पाहू लागली. रात्री नदीतली जुगाराची जहाजं दिव्यांनी उजळली, तेव्हा तिचा प्रश्न होता, रोज रोज एवढी लग्नं कुणाची लागतात?

जेवणघरात वाढायला एक पंचविशीतला पोरगा होता. पहिल्याच जेवणाला त्याने वाकून विचारलं, "आजी, उदक जाय?" आईचा हात ताटावरच थांबला. उदक हा शब्द आमच्याकडे उरला आहे तो भटजींच्या तोंडी. तीनच महिन्यांपूर्वी तिने तो दहाव्या-बाराव्याला ऐकला होता. कोकणीत उदक म्हणजे साधं प्यायचं पाणी, आणि जुन्या मराठीतही ते तसंच होतं, हे मी तिला सांगितलं. वर्गात हे सांगताना मागच्या बाकावरची पोरं जांभया देतात. आईने ऐकलं, पेला पुढे केला आणि म्हणाली, "दे बाप्पा. मांगून तं पाहिलं कोनी."

मग भात आला, उकड्या तांदळाचा, लालसर, जाड. आईने एक शीत बोटांत धरून दाबलं. आमच्याकडे एचएमटीची सवय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून काढलेला तो बारीक तांदूळ. हे जाड शीत पाहून तिने त्या पोराची जवळजवळ उलटतपासणी घेतली. कोणत्या शेतातला? पाणी कुठलं? पोरगा चोडण बेटावरचा निघाला. त्यांची खाजन जमीन होती. भरतीचं खारं पाणी मातीच्या बांधाने अडवायचं, बांधात मानस म्हणून लाकडी दार, भरती आली की ते आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं. आत कोरगुट नावाचा, खारटपणा सोसणारा भात. आईला हे समजायला मुळीच वेळ लागला नाही. आमच्या कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांना पाळ असते आणि तुडुमातून पाणी बांधीत सोडतात. आम्ही गोडं पाणी आत धरून ठेवतो आणि ते खारं पाणी बाहेर, एवढंच.

"बांध कोन राखते?" तिने विचारलं.

पूर्वी गावकरी राखत. आता कुणी नाही. काही वर्षांपूर्वी त्यांचा बांध फुटला, शेतात खारं पाणी शिरलं ते शिरलंच. बापाने शेत सोडलं, पोरगा हॉटेलात लागला. आमच्याकडे तरी निराळं काय झालं? १९५१ साली मालगुजारी गेली, ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढणारे हात घरी बसले. 'माजी मालगुजारी तलाव' या लांबलचक नावाचा 'मामा तलाव' झाला, आणि बऱ्याच तलावांची अवस्थाही, कुणी दखल न घेतलेल्या मामासारखीच. आमच्या तलावाच्या पाळीवर वडील दर पावसाळ्यापूर्वी एकटे फावडं घेऊन जायचे, हे आईने त्या पोराला सांगितलं. तीन महिन्यांत तिने त्यांचं नाव काढलं नव्हतं. "आता हा जाते का पाहू," असं म्हणून तिने माझ्याकडे बोट केलं. सौ. खाली मान घालून हसल्या.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पणजीत कुणी झोपत नाही. चौकाचौकांत कागदाचे प्रचंड नरकासुर, ढोल, कर्णे, आणि पहाटे त्यांचं दहन. मुलं पाहून आली. खिडकीतून एक अक्राळविक्राळ धूड जाताना पाहून आई म्हणाली, "हे तं आपली मारबत." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, तिचं आणि याचं नातं काय, यावर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहायला हरकत नाही.

सकाळी आठाच्या सुमाराला दारावर टकटक झाली. तोच पोरगा, पण गणवेशात नव्हता. हातात स्टीलचा डबा. गोव्यात दिवाळीची पहाट म्हणजे फोव, म्हणजे पोहे. गुळाचे, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, तिखट. आईने करून दिले होते म्हणे, त्या भाताच्या आजीसाठी.

मी आणि सौ. एकमेकांकडे पाहू लागलो. घरात सण नव्हता.

आई म्हणाली, "आपन करू नाई. कोनी आनून देल्लं तं खावं." तिने खुर्चीवर पाय वर घेतले, डबा मांडीवर ठेवला आणि खाऊ लागली. गुळाचे संपवले, रसातले संपवले, तिखटही संपवले. मुलांना एकेक घास दिला. मला विचारलंही नाही.

"कोन्त्या भाताचे?" तिने हात पुसत विचारलं.

"आता विकतच्या, आजी," पोरगा म्हणाला.

आई उठली. न्हाणीघरात जाऊन डबा स्वतः घासला, पुसला, पिशवीचं तोंड सोडलं आणि डबा काठोकाठ तांदळाने भरला. झाकण बसेना, तेव्हा वरचे मूठभर तिने पुन्हा पिशवीत टाकले.

"बांधीतले होत," ती म्हणाली. "तुह्या मायले सांग, पानी कमी घालजो म्हना, नरम होते."