वाण बियांचं

सासूबाई गेल्या, तेव्हा पोटमाळ्यावरच्या त्यांच्या बियांच्या पुड्या मी कचरा समजून फेकल्या. त्यात गावठी टोमॅटोही होता. पातळ सालीचा, आंबट, सारासाठी झकास! आता भाईंदरच्या बाजारात शोधूनही मिळत नाही. संकरित टोमॅटोचं बी लावलं तर फळ तसंच येईल याचा भरवसा नाही; गावठीचं बी मात्र वाण राखतं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण घरातच देशी बियाण्यांची बँक उभारून २०२० सालच्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. आणि मी पदवीधर!

मैत्रिणींनो, गावाहून एक पिकला गावठी टोमॅटो आणा. बी गरासकट दोन दिवस थोड्या पाण्यात ठेवा, धुऊन सावलीत वाळवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी हेच वाण लुटा.