बालसंगोपन : नाक चोंदलेले, मूल रुसलेले

रायपूरच्या बुढापाऱ्यात हिवाळा उतरला, की तलावावरून येणारा पहाटेचा गार वारा, रस्त्यावरची धूळ आणि संध्याकाळी जमिनीलगत साचून राहणारा धूर यांचा त्रास सर्वांत आधी होतो तो घरातील सर्वांत लहान माणसाला. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे येथील मराठी घरांचे विदर्भाशी नाते जुने, आणि बाळाच्या पडशावरील उपायही तेच : ओव्याची पुरचुंडी, निखाऱ्यावरची धुरी, नाकात कोमट तेलाचा थेंब. परंतु या सर्वांहून अधिक रूढ असलेला एक उपाय आहे, तो म्हणजे झटापट. एकाने हात धरावयाचे, दुसऱ्याने डोके, आणि तिसऱ्याने रुमाल घेऊन नाकावर चाल करावयाची. दीड-दोन वर्षांच्या मुलाची किंकाळी शेजारच्या घरापर्यंत जाते. नाक मात्र पूर्वीइतकेच चोंदलेले राहते, किंबहुना थोडे अधिकच.

नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण व्यवहारात खरी असेल. लहान मुलाच्या बाबतीत मात्र तोंड उघडते ते रडण्यासाठी. रडताना अश्रूंचा काही भाग डोळ्याच्या कोपऱ्यातील सूक्ष्म नलिकेतून थेट नाकात उतरतो, नाकातील अस्तराला रक्ताचा पुरवठा वाढतो आणि ते फुगते. म्हणजे ज्या नाकासाठी आपण झुंजतो, तेच नाक त्या झुंजीने अधिक बंद होते.

मुलाच्या बाजूनेही विचार करून पाहावा. चेहऱ्यावर अकस्मात एक मोठा हात येतो, आधीच अपुरा पडणारा श्वास क्षणभर अडतो, आणि हे किती वेळ चालणार हे त्याला कोणी सांगितलेले नसते. नाक शिंकरण्याची कलाही त्याला अवगत नसते. बहुतेक मुलांना ती दोन-तीन वर्षांच्या सुमारास, शिकवल्यानंतर येते. अशा स्थितीत त्याने मान फिरवली, तर तो हट्ट नव्हे, स्वाभाविक बचाव होय.

म्हणून वाचकहो, पहिला प्रश्न आपणच आपल्याला विचारावा : हे नाक आत्ता पुसावयाचे ते कोणासाठी? मूल खेळत असेल, दूध-पाणी पीत असेल, शांत झोपत असेल, तर वाहणाऱ्या नाकाने त्याचे काही अडत नाही. पुष्कळदा पाहुण्यांसमोर आपले मूल शेंबडे दिसू नये, एवढ्यासाठीच ही लढाई होते. तिला खरे कारण दोनच : जेवण आणि झोप. या दोहोंच्या पाऊण-एक घटका आधी नाक मोकळे केले, की दिवसाकाठी तीन-चार वेळा पुरेसे होते. पोट भरल्यावर लगेच हे काम करू नये, उलटी होण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट अशी, की घट्ट शेंबूड वा वाळलेले मेकूड ओढून काढावयाचे नसते, भिजवून सैल करावयाचे असते. त्यासाठी मिठाच्या पाण्यासारखे साधन नाही. औषधाच्या दुकानात त्याचे थेंब स्वस्त मिळतात, आणि तेच घेणे उत्तम. घरी करावयाचे असल्यास अर्धा लिटर पाणी चांगले उकळावे, त्यात साडेचार ग्रॅम, म्हणजे लहान चमच्याने सपाट पाऊण चमचा मीठ विरघळवावे, आणि झाकून कोमट होऊ द्यावे. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नये. न उकळलेले पाणी, मग ते नळाचे असो वा विहिरीचे, नाकात कधीही घालू नये.

दुकानातून कुपी आणताना तिच्यावरील अक्षरे अवश्य वाचावीत. ‘नाकाचे थेंब’ या एकाच नावाखाली दोन भिन्न वस्तू मिळतात. जिच्यावर सोडियम क्लोराईड एवढेच लिहिलेले असते, ते मिठाचे पाणी. जिच्यावर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असे नाव असते, ते नाकातील रक्तवाहिन्या आकसविणारे औषध असून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लहान मुलाला देऊ नये. कुप्या दिसावयास सारख्याच असतात, म्हणून हा खुलासा.

आता कृती. मुलाला मांडीवर घेऊन त्याचे डोके आपल्या कोपरावर किंचित मागे टेकवावे. कुपी तळहातात धरून कोमट करावी. प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब सोडावेत आणि एक-दोन मिनिटे काहीही करू नये. गाणे म्हणावे, खिडकीतून चिमणी दाखवावी. या अवकाशात शिंक आली, तर निम्मे काम झाले. मग मऊ सुती कापड कोमट पाण्यात बुडवून, पिळून, नाकाखाली अलगद टिपावे. कापसाची काडी नाकात घालू नये. रबरी फुग्याने ओढून घ्यावयाचे असेल, तर तो आधी दाबून मग नाकपुडीच्या तोंडाशीच लावावा, आत खुपसू नये. मूल विरोध करीत असेल, तर तो बाजूलाच ठेवावा. ओठावरील सोललेल्या त्वचेला बाहेरून थोडे खोबरेल लावण्यास हरकत नाही. नाकाच्या आत मात्र तेल-तूप सोडू नये, ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरल्यास तेथे दाह होतो. उकळत्या पाण्याचे भांडे मुलाजवळ ठेवून वाफ देणे म्हणजे भाजण्याला आमंत्रण. धुरी आणि मच्छर-अगरबत्ती यांनी चोंदलेले नाक अधिक चिडते. ज्येष्ठांची माया आपण जाणतो. ओव्याची पुरचुंडी आजींनी स्वतःच्या हाती धरून दुरून हुंगू दिली तर बिघडत नाही, ती बाळाजवळ ठेवून जाऊ नये. परंतु धूर नको, आणि दोन वर्षांखालील बाळाला कापूर तर मुळीच नको.

मुलाचे सहकार्य मिळविण्याचा मार्ग खेळातून जातो. आधी बाहुलीचे नाक पुसावे, मग आईचे, मग बाबांचे, आणि शेवटी त्याचे. रुमाल त्याच्याच हाती द्यावा. ‘पुसायचे का?’ असे विचारले, की उत्तर ‘नाही’ हेच येणार. त्याऐवजी ‘आधी ही नाकपुडी की ती?’ असे विचारावे. कमी-अधिक पुसले गेले तरी चालेल. एकदा टिपले, की ‘झाले’ म्हणून खरोखरच थांबावे. दिलेला शब्द पाळला जातो, हे मुलाला कळले, की पुढच्या वेळी मान कमी फिरते. दोनदा नकार मिळाला, तर अर्धा तास जाऊ द्यावा. अंगाखाली दाबून जिंकलेली एक वेळ पुढच्या दहा वेळा अवघड करून ठेवते.

या धीराची गरज केवळ घराच्या शांततेसाठी नाही. नाक सुटेना, मूल ऐकेना, रात्री झोप मिळेना, अशा वेळी थकलेला हात मागच्या खेपेस उरलेल्या सर्दी-खोकल्याच्या बाटलीकडे जातो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या अशाच एका औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले. मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी नागपुरास आणले होते. त्याच ऑक्टोबरमध्ये केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने सूचना काढली, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सामान्यतः देण्यासारखी नाहीत. सर्दीच्या औषधांत नेहमी आढळणारी क्लोरफेनिरामीन व फेनिलएफ्रिन ही जोडी तर चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावले होते. बाटली निर्दोष असली तरी साधे पडसे तिने लवकर बरे होत नाही. ते सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरते. मध्यंतरी शेंबूड पिवळा-हिरवा झाला, एवढ्यावरून प्रतिजैविके लागतात असेही नाही.

परंतु धीर म्हणजे दुर्लक्ष नव्हे. मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर दिसणे, काहीच न पिणे, झटका येणे अथवा जागे करूनही गुंगीत राहणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांखालील बाळाला नुसता ताप आला, तरी तोच नियम. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर आत हरभरा, चिंचोका वा मणी अडकल्याची शंका घ्यावी. तो घरी काढू नये. आणि वस्तू बटणासारखी चपटी बॅटरी असेल, तर एक तासही थांबू नये.

छत्तीसगढात २००२ साली सुरू झालेल्या योजनेतील मितानीन आणि महाराष्ट्रातील आशा कार्यकर्ती यांना ही लक्षणे ठाऊक असतात. त्यांना विचारण्यात संकोच नसावा.

लहान मुलाला वर्षाकाठी सहा ते आठ वेळा पडसे होणे हे सामान्यच होय. तेव्हा शिकवणी चांगल्या दिवसांतच सुरू करावी. नाक मोकळे असताना स्टीलची थंड ताटली नाकाशी धरून तोंड मिटून श्वास सोडावयास सांगावे, आणि उमटलेला वाफेचा ठिपका दाखवावा. कापसाचा पुंजका तळहातावर ठेवून तो नाकाने कोण उडवतो, याची पैज लावावी. मोठ्यांनी आधी हरावे. पुढचे पडसे येईतो शिंकरणे अर्धे शिकून झालेले असेल.