पडली वीज, पण विझली नाही

युरोपियन फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. मँचेस्टर की लिव्हरपूल? रिअल की बार्सा? ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी जेव्हा सांगतो की बुवा, माझी टीम ऑस्लोची 'लिन', तेव्हा समोरचा आधी समोशातून मान वर काढतो आणि मग विचारतो, "कोण? चायनीज आहे का?"

चायनीज नाही, नॉर्वेजियन. लिन म्हणजे त्यांच्या भाषेत वीज. क्लबची स्थापना 1896 ची. तेव्हा ऑस्लोला ऑस्लो म्हणतसुद्धा नव्हते, शहराचं नाव होतं क्रिस्तियानिया. 1902 साली नॉर्वेची फुटबॉल संघटना स्थापन झाली ती तीन क्लबांनी मिळून. त्यातला एक लिन. म्हणजे नंतर ज्यांनी या क्लबला मागे टाकलं, त्यांच्या खेळाची चौकट उभी करणाऱ्यांत हेच होते.

आणि नुसतं वयच मोठं नाही हं, कपाटात ट्रॉफ्यासुद्धा आहेत. 1908 ते 1911 असा सलग चार वर्षं नॉर्वेचा कप. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये नॉर्वेनं यजमान जर्मनीला 2-0 हरवलं, तेही खुद्द हिटलरसमोर. ते दोन्ही गोल मारणारा माग्नार इसाक्सेन लिनचा. पुढे ब्राँझच्या मॅचमध्ये पोलंडविरुद्ध हॅटट्रिक करणारा आर्ने ब्रुस्टाडसुद्धा लिनचाच. मग जर्मनांनी नॉर्वे घेतलं आणि तिथल्या खेळाडूंनी नाझींच्या ताब्यातल्या स्पर्धांवर चक्क बहिष्कार टाकला. युद्ध संपल्यावर 1945 मध्ये कप पुन्हा सुरू झाला. फायनल दोनदा बरोबरीत सुटली, तिसऱ्यांदा खेळावी लागली, आणि जिंकलं कोण? बरोबर ओळखलंत.

1964 साली खालच्या डिव्हिजनमधून वर आल्या आल्या लीग जिंकली. 1968 ला लीग आणि कप दोन्ही. त्याच सीझनमध्ये युरोपियन कप विनर्स कपच्या क्वार्टर फायनलला गाठ पडली बार्सिलोनाशी. दोन्ही मॅचेस बार्सिलोनातच झाल्या. निकाल 3-2 आणि 2-2. एका गोलानं गेली राव! पुढे बार्सा फायनलला पोहोचलं. लिनला मात्र त्यानंतर मोठी ट्रॉफी मिळालीच नाही. 1994 आणि 2004 मध्ये कपची फायनल गाठली, दोन्ही हरले. लीगमध्ये 2002 ला तिसरे, 2005 ला पुन्हा तिसरे.

2005 म्हटल्यावर चेल्सीवाल्यांचे कान टवकारले असतील. जॉन ओबी मिकेल! नायजेरियाचा हा पोरगा लिनकडे होता. एप्रिल 2005 मध्ये, अठरा पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला असताना, मँचेस्टर युनायटेडनं जाहीर केलं की तो आमचा. पठ्ठ्यानं युनायटेडचा शर्ट घालून फोटोही दिले. आणि मग गायब. उगवला तो थेट लंडनमध्ये, सांगत की माझ्यावर दबाव होता. वर्षभर भांडण चाललं. जून 2006 मध्ये तोडगा निघाला: चेल्सीनं युनायटेडला 12 मिलियन पौंड द्यायचे आणि लिनला 4 मिलियन. सगळ्या जगानं लिनचं नाव ऐकलं ते या भानगडीत. फुटबॉलमुळे नव्हे, पैशांमुळे.

एवढा पैसा आला तर क्लब मालामाल व्हायला हवा, नाही का? पण इन्क्रीमेंट मिळाल्या मिळाल्या मोठ्या गाडीचा ईएमआय सुरू करणारे मित्र तुम्हालाही असतीलच. क्लबांचंही तसंच होतं. पगार वाढतात, नॅशनल स्टेडियमचं भाडं भरावं लागतं, आणि एक सीझन वाईट गेला की गणित कोसळतं. 2009 मध्ये लिन लीगमध्ये शेवटचे आले आणि खाली गेले. 30 जून 2010 ला, सीझनच्या मध्यावर, दिवाळं निघालं. प्लेअर्स मोकळे, टीम स्पर्धेबाहेर.

आता खरा मुद्दा. नॉर्वेत क्लब हा सभासदांचा असतो. आपल्या सोसायटीसारखा: वार्षिक सभा, एका माणसाला एक मत. कोणी शेठ येऊन क्लब विकत घेऊ शकत नाही. प्रोफेशनल टीम चालवायला क्लब वेगळी कंपनी काढू शकतो, तिच्याशी करार करतो, पैसेवाले त्या कंपनीत पैसा घालतात. 2010 मध्ये बुडाली ती कंपनी. क्लब मात्र उरला. नाव उरलं, लाल-पांढरा शर्ट उरला, लहान पोरांच्या टीम्स उरल्या. सभासदांनी ठरवलं, खेळायचं. कुठून? अगदी तळापासून. उलेवोलच्या नॅशनल स्टेडियमवर खेळणारे आता क्रिंगशोच्या कृत्रिम गवतावर उतरले. समोर कोण, तर दिवसभर नोकरी करून संध्याकाळी बूट बांधणारे.

त्याच 2010 साली आपल्या मुंबईत महिंद्रा युनायटेड बंद झाला. नॅशनल लीग जिंकून चारच वर्षं झाली होती. कंपनीनं टीम चालवली, कंपनीनं थांबवली, आणि तो तिचा हक्कच होता. पण कूपरेजच्या स्टँडमध्ये बसणाऱ्या माणसाकडे दुसऱ्या दिवशी करण्यासारखं काही उरलं नाही. मत नाही, सभा नाही, तळाची डिव्हिजन नाही. मला लिनची गोष्ट सांगाविशी वाटते ती यासाठी. तिथला फॅन फार शूर आहे अशातला भाग नाही. त्याच्या हातात काहीतरी होतं, इतकंच.

अर्थात हे सगळं रोमँटिक नाही. एक एक पायरी चढायला वर्षं लागली. मध्ये खाली घसरणं, पुन्हा अडकणं, सगळं झालं. 2009 मध्ये लिनबरोबर आणखी एक क्लब खाली गेला होता, बोडो-ग्लिम्ट. तोही कंगालच. त्या पठ्ठ्यांनी 2020 मध्ये लीग जिंकली आणि 2025 मध्ये युरोपा लीगच्या सेमी फायनलपर्यंत मजल मारली. ग्लिम्ट म्हणजेही चमकच बरं का! दोन विजा एकाच वर्षी पडल्या. एक आकाशात गेली, दुसरी जिना चढत राहिली.

2023 मध्ये लिननं आपला ग्रुप जिंकला आणि 2024 चा सीझन फर्स्ट डिव्हिजनमध्ये सुरू केला. नावावर जाऊ नका, ही नॉर्वेतली दुसरी पायरी. पडल्यानंतर 14 वर्षांनी त्याच पायरीवर. पहिल्याच सीझनला पहिल्या सहात येऊन प्रमोशनच्या प्ले-ऑफपर्यंत पोहोचले. वर मात्र जाता आलं नाही. 2025 चा सीझनही तिथेच काढला. घर आता बिस्लेट स्टेडियम, ऑस्लोच्या मधोमध.

कॅन्टीनमधला मित्र विचारतो, "पण जिंकणार कधी?" माहीत नाही, आणि त्याची घाईही नाही. माझ्या वयाच्या लोकांनी या दहा-पंधरा वर्षांत कंपन्या विलीन होताना पाहिल्या, बंद होताना पाहिल्या, कार्डावरचे लोगो बदलताना पाहिले. कार्डावरचं नाव गेलं की आपलं म्हणून काय उरतं, हा प्रश्न सगळ्यांनाच कधी ना कधी पडतो. लिनकडे तेव्हा सभासद होते आणि खेळायला एक मैदान होतं. तेवढ्यावर त्यांनी गाडी इथवर आणली.

पुढच्या सीझनला पॉइंट्स टेबल उघडाल तेव्हा टॉपच्या लीगवरच थांबू नका. जरा खाली स्क्रोल करा. तीन अक्षरी नाव आहे, पटकन सापडेल.